पांढऱ्या पत्र्यावर लाल फुल्या

६ ऑक्टो. सोम.
आणि वर म्हणतो, दाजी प्यायले होते. दिनू म्हणतो. माझा सख्खा भाऊ. जो माणूस स्वतःच्या लग्नात लिंबू सोडा पिऊन उठला, तो साकीनाक्याला गाळ्याच्या छपरावर सकाळच्या पारी पिऊन चढला म्हणे. बोरिवलीच्या मामेबहिणीपर्यंत बातमी पोचवली. समोर नव्हता, फोनवर होता, म्हणून वाचला.
ह्यांच्या टाचेचा चुरा झालाय. भिंतीकडे तोंड करून पडलेत. डॉक्टरच्या कागदावर काय, तर घरी माळ्यावरून पडले. दि.नेच सांगितलं तिथे. ह्यांनी मान हलवली, मेहुण्याची लाज राखली.
घाटकोपरच्या आमच्या खोलीला माळाच नाही.

८ बुध.
हे आज थोडं बोलले. सोलरचे लोखंडी अँगल बसवायला चौघं वर. सिमेंटचे पत्रे, मधेमधे प्लास्टिकचे, आत उजेड यावा म्हणून. मालकाने उन्हाळ्यात सगळ्यांवर एकच पांढरा रंग मारलेला. वरून काही कळत नाही. सिमेंट समजून प्लास्टिकवर पाय दिला, थेट खाली. खोक्यांचा ढीग होता म्हणून जीव राहिला.
दोर नव्हता. फळ्या नव्हत्या. सेफ्टी बेल्ट एकच, चौघांत. एकाने घालायचा, फोटो काढायचा, दुसऱ्याला द्यायचा. चारी फोटो दि.ला कंत्राट देणाऱ्या वरच्या कंपनीला गेले की बेल्ट पिशवीत.
म्हटलं, आणि तरी चढलात. म्हणाले, दिनूचं काम, नाही कसं म्हणू.
तो बेल्ट ह्यांच्या डब्याच्या पिशवीतून आमच्याकडे आलाय. खुंटीला लावला. येताजाता दिसू दे.

१० शुक्र.
दि.चा फोन. वाटलं तब्येत विचारेल. "ताई, तो बेल्ट सलीमकडे दे ना. फोटो अडकलेत."
सलीम म्हणजे ह्यांच्यासोबत वर चढलेल्या चौघांतला. म्हटलं, ये आणि स्वतः घेऊन जा. आला नाही. घाबरतो. घाबरू दे.
लगेच गावाहून आईचा. कान कोणी भरले ते काय कळत नाही? "एकच भाव आसा तुझो. तोडू नको गो." म्हटलं, तोडलं त्याने, माझ्या माणसाचा पाय. आई भातकापणीचं बोलत राहिली.

१३ सोम.
मेसच्या पोळ्या लाटून झाल्यावर साकीनाक्याला. ह्यांच्या चपला शिडीखाली राहिलेल्या, ते निमित्त. तिथे खोकी बांधणाऱ्या शेवंतामावशींनी जपून ठेवलेल्या.
वर बघितलं. सगळं छप्पर काळं आणि प्लास्टिकचे पत्रे दुधासारखे उजळलेले. रंग मारला तरी. खालून कोणालाही कळेल. हे पडले तिथे नवा पत्रा बसवलाय. त्यालाही वरून पांढरा रंग मारून झालाय. परत.
मावशी म्हणाल्या, "तुझा भाऊ माप घ्यायला आलेला ना, इथेच उभा होता वर बघत. मला म्हणतो, मावशी, भारी उजेड येतो, तुमचं लाइटबिल वाचतं."
म्हणजे माहीत होतं.
घरी येऊन तांदूळ निवडायला घेतले. खडे दिसेनात.

१४ मंगळ.
त्या छपरावर अर्धं काम बाकी आहे. ह्यांच्यासोबतचा सलीम रोज चढतो. त्याला बोलावला, चहा दिला. मरायचंय का विचारलं. म्हणतो, "भाभी, मैं ना बोलूंगा तो दिनूभाई दूसरा लाएगा."
म्हटलं, ना बोलू नको. मी सांगते ते कर.
ह्यांना आत ऐकू जात होतं. जाऊ दे गं, नातं आहे. म्हटलं, तुम्ही टाच सांभाळा. नातं मी बघते.

१६ गुरु.
केलं. जेवणाच्या सुट्टीत.
मावशी खालून लांब बांबूने एकेका उजळ पत्र्याला हळूच टकटक करायच्या. वर सलीम. बेल्ट घालून, दोर भिंतीच्या लोखंडाला आवळून, पायाखाली मावशींकडच्या फळ्या. त्या बेल्टला दोर आजच लागला असेल. टकटक झाली की तिथे लाल ऑइलपेंटची फुली. मोठी. पेंटचा डबा मी नेलेला, पिशवीत कोथिंबिरीखाली.
मालकाच्या गोऱ्यापान छपराला गोवर आला. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

१७ शुक्र.
दि. आला. दारापर्यंतच. मालक त्याला आईबहिणीवरून बोलला म्हणे. "ताई, तू माझा धंदा बसवणार."
म्हटलं, हो. तोच बेत आहे.
हे आतून म्हणतात, दिनू, चहा घे. मी गॅस बंद केला.
दिवाळीनंतर मुलुंडला दुसऱ्या गाळ्याचं काम घेतलंय त्याने. तिथेही असलेच पत्रे, असाच रंग. फळ्या आणल्यास का विचारलं. माझ्या उंबऱ्याकडे बघत उभा. लहानपणी काच फोडली की असाच उभा राहायचा. तेव्हा मार मी खाल्लेला.
खुंटीला परत लावलेला बेल्ट मागायचं धाडस झालं नाही.

१९ रवि.
चकल्या तेलात विरघळल्या. राग हातात उतरतो.
दि.ला फोन लावला. मधे बोलू नको म्हटलं. गुरुवारी भाऊबीज. बोरिवलीची आणि बाकी सगळी येणार. पाट मांडते. तू बसायचं, समोर ह्यांची खाट. ओवाळायच्या आधी एकच विचारणार. खालून उजेड दिसला होता की नाही? हो म्हणालास तर मुलुंडला आधी फुल्या, फळ्या, माणशी एक बेल्ट, मग माणूस वर. नाही म्हणालास तर निरांजन लावणार नाही. ह्या वर्षी नाही, पुढे कधीच नाही.
"ताई, सगळ्यांसमोर नको ना."
म्हटलं, दाजी पिऊन पडले हे कोणासमोर सांगितलंस?
फोन कापला. येत नाही असं मात्र म्हणाला नाही.
शेवंतामावशींना जेवायला बोलावलंय. बासुंदी आवडते म्हणाल्या. दि.ला हे सांगितलेलं नाही. त्याच्या पाटाच्या बरोब्बर समोर बसवणार.
गुरुवारी दुपारी बारापर्यंत वाट बघेन. दिनू, हो की नाही, तेवढं बोल.