नवसाबाईंच्या खोट्या तापाबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, पिंपळमाळ,
ता. कळवण, जि. नाशिक.

अर्जदार: नवसाबाई चिमाजी रौंदळ, वय ६१, मळ्यात एकटी राहणार. (अक्षरओळख नसल्याने अर्ज धोंडीराम, अर्जलेखक यांनी लिहिला.)

विषय: ताप नसताना सहा वेळा रक्त दिल्याची कबुली व मलेरिया कर्मचाऱ्याची फेरी चालू ठेवण्याबाबत.

संदर्भ: आरोग्य कर्मचारी वाल्मीक यांना मागितलेला खुलासा, दि. ५ फेब्रुवारी २००१.

महोदय,

१. धडधाकट बाईचे सहा रक्तनमुने का घेतले, असे आपण वाल्मीक यांना विचारले आहे. त्यात त्यांचा दोष नाही. मळ्यातल्या एकट्या घरी तापाचा निरोप आला तरच जावे, असा आपलाच आदेश आहे. म्हणून अर्जदार दर पंधरा दिवसांनी निरोप धाडते आणि गोधडी पांघरून कण्हत बसते. हा ताप त्यांची सायकल बांधावरून परत जाईपर्यंत टिकतो.

२. कारण असे. मुलगा भारत व सून दीपमाला पंचवटीत भाजी विकतात, म्हणून नात निकिता, वय साडेतीन, आजीपाशी होती. भाद्रपदात तिला हिवताप झाला. वाल्मीक यांनी गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पोर कडू गोळ्या थुंकू लागली, तेव्हा उरलेल्या गोळ्या अर्जदाराने कोनाड्यात ठेवल्या. ताप गेला म्हणजे दुखणे गेले, अशी तिची समजूत. ताप पुन्हा दोनदा येऊन गेला. पोर बसल्या जागी पेंगू लागली, भिंतीचे पोपडे खरवडून माती खाऊ लागली. अर्जदाराने तिच्या बोटांना कडुनिंब चोळला व एकदा पाठीत धपाटाही घातला. भारतने फोनवर विचारले, तेव्हा "बरी हाय, लय खोड्या करते," असे अर्जदारानेच सांगितले.

३. दिवाळीला भारत आला आणि पोरीला पाहून तडक नाशिकला घेऊन गेला. अर्जदारही सोबत होती. डॉक्टरांनी पोरीची खालची पापणी ओढून दाखवली. आत लाली नावाला नव्हती. हिवतापाचे जंतू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, लहान मुलांचे रक्त बघता बघता आटते, ताप उतरला तरी ते भरून यायला महिने लागतात, आणि माती खाणे हेही त्याचेच लक्षण, असे त्यांनी समजावले. हिमोग्लोबिन पाच होते. रक्ताची पिशवी चढवावी लागली. त्या धपाट्याने अर्जदाराला आजही घास गोड लागत नाही. भारतने पोर पंचवटीलाच ठेवली. "आई, आता तुझ्या हाती नाय देणार," म्हणाला. खरेच बोलला.

४. अर्जदार गावातल्या बूथवरून फोन करते. भारत "बरी आहे" म्हणून ठेवून देतो. परंतु 'बरी' या शब्दावर अर्जदाराचा भरवसा उरलेला नाही, कारण तो तिने स्वतः वापरून पाहिला आहे. तिला आकडा लागतो. वाल्मीक यांचे घर भारतच्याच गल्लीत आहे. सुट्टीला गेले की दीपमाला त्यांना दवाखान्याचे कार्ड दाखवते. सात, आठ, साडेनऊ, असे आकडे त्यांनी आणले. पोरीने खरवडलेल्या भिंतीवर अर्जदार तेवढ्या कोळशाच्या रेघा ओढते. शेवटची रेघ अर्धी आहे. संध्याकाळी बोलायला तेवढेच आहे.

५. तरी वाल्मीक यांना खुलाशातून मोकळे करावे व फेरी चालू ठेवावी. आपल्या नोंदवहीत 'नातीचा आकडा' असे कारण लिहिता येत असल्यास अर्जदार खोटे बोलणार नाही. तसे लिहिता न आल्यास ताप चालू ठेवावा लागेल.

६. आकडा अकरा झाला की तपासणी बंद, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मग कार्ड नाही, आकडा नाही, आणि वाल्मीक यांना मळ्यात आणायला काही उरणार नाही. सबब आकडा जरा दमाने चढावा असे लिहू काय, असे अर्जलेखकाने गमतीने विचारले. बाई चटईवरून उठल्याच. "असलं अभद्र लिहू नका. अकरा होऊ द्या. लवकर होऊ द्या." हे वाक्य त्यांनी दोनदा वाचून घेतले.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
नवसाबाई चिमाजी रौंदळ
(डाव्या अंगठ्याची निशाणी)

कळवण, दि. १२ फेब्रुवारी २००१

सोबत: कोनाड्यात राहिलेल्या गोळ्या, नग चार, परत.