लूम थांबले तरी तुम्ही बोलत राहिलात

मोठ्या बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि आता तुमच्या खुर्चीवर मी बसते. बसते म्हणजे काय, तुमच्यासारखीच अर्धा वेळ उभी असते. परवा नव्या शिक्षिकांचं प्रशिक्षण झालं, मुलांशी शरीराबद्दल, वयात येण्याबद्दल कसं बोलायचं यावर. मी बोलले, टाळ्या पडल्या, आणि घरी आल्यापासून तुम्ही डोक्यातून हलत नाही आहात. म्हणून लिहायला बसले.

तेव्हा मी शिक्षणसेवक म्हणून नुकती लागले होते आणि हुशारी अंगात मावत नव्हती. सातवीला पाळीची माहिती द्यायची होती. मी काय केलं, मुलग्यांना मैदानावर पिटाळलं, खिडक्या लावल्या आणि मुलींसमोर कुजबुजत विषय गुंडाळून टाकला. मुलगे कसले खेळतायत, ते खिडक्यांना कान लावून उभे. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या स्कर्टवर डाग दिसला आणि मागच्या बाकांवरून खिदळणं सुरू झालं. ती दप्तर छातीशी धरून निघून गेली ती आलीच नाही. चार दिवसांनी तिची मैत्रीण सांगत आली की तिचं नाव काढणार आहेत, ती आता घरीच राहणार. वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोर. तुम्ही मला ऑफिसात बोलावलंत. "मुलग्यांना बाहेर काढलंस, म्हणजे त्यांना काय शिकवलंस? ही लपवायची आणि हसायची गोष्ट आहे, एवढंच. चूक तुझी आहे. चल, तिच्या घरी जायचंय." इतका राग आला होता मला तुमचा. कारण तुमचं बरोबर होतं.

तिचं घर यंत्रमागाच्या कारखान्याला चिकटून, वडील तिथेच लूम चालवणारे. आपल्या भिवंडीत लूमशेजारी कुजबुजायची सोयच नाही, चहा घेणार का हेही ओरडून विचारावं लागतं. दारात उभ्या राहून तुम्ही आईला समजावत होता, तिला ऐकू जात नव्हतं, तुम्ही आवाज चढवत होता, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. भारनियमनाचे दिवस ते, केव्हाही जायची. गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले आणि तुमचं वाक्य अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं, "पाळी आली म्हणून कोणी पोरीची शाळा सोडवतं का?"

अजून दिसतंय मला. कामगार घाम पुसत बाहेर येतायत, समोरच्या ओट्यावरचा म्हातारा विडी ओढायची विसरलाय. आई पदर तोंडाशी धरून म्हणतेय, "हलू बोला बाई, मानसं आयकतायत." वाटलं, आता तुम्ही आवाज खाली आणणार. कुठलं काय. त्याच पट्टीत म्हणालात, "ऐकू देत. त्यांच्याही घरात पोरी आहेत." मग दारात आलेल्या वडिलांकडे वळलात. "दादा, तिला काही आजार झालेला नाही. ती वाढतेय. वाढलेली पोर नकोय का तुम्हाला?" त्यांनी खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले. गल्लीत कोणी हसलं नाही. मग म्हणाले, "न्हाय बाई, तसं न्हाय. पोरं चिडवतात, मंग ती जाईल कशी?"

"ते माझ्यावर सोडा. सोमवारी पाठवा."

सोमवारी ती आली. तोच तास मी पुन्हा घेतला, सगळ्यांना एकत्र बसवून, आणि तुम्ही मागच्या बाकावर. मी "ते दिवस" म्हटलं की मागून तुम्ही, "कुठले दिवस? नाव घ्या, बाई." तिसऱ्या वेळी घेतलं. छत काही कोसळलं नाही. खिदळणाऱ्यांपैकीच एकाने हात वर केला आणि विचारलं, "बाई, दुखतं का हो?" आज ती मुलगी मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे, भलेभले तिला वचकून असतात. आणि आपल्या शाळेत हा तास अजूनही मुलगे-मुली एकत्र बसून होतो, दार सताड उघडं ठेवून. बाई, मला याचा अभिमान आहे. उगाच विनय कशाला दाखवू?

पण एक आहे. तो गल्लीतला प्रसंग मी दर प्रशिक्षणात सांगते. आधी "आमच्या मोठ्या बाई" म्हणायचे, मग कधीतरी "आम्ही" झालं, आणि हल्ली सरळ "मी" म्हणते. परवा एका नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, सगळे ऐकत होते, तुम्हाला लाज नाही वाटली?" मी म्हटलं, "नाही." तुमच्या आजारपणात दोनदा त्या दिवसाचं खरं सांगायला आले होते, दोन्ही वेळा चहा पिऊन परतले. आता हा कागद पाठवायला पत्ताही नाही. लूम थांबले तेव्हा मी चार पावलं मागे सरकले होते, बाई, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बरण्या बघत उभी राहिले होते, तुमच्याबरोबर आलेच नाही अशी. तुम्ही ते पाहिलं होतंत. आणि तरीही सोमवारचा तास तुम्ही मलाच घ्यायला लावलात.