वेल्ह्याच्या गाडीत बसवलेलं फ्रेंच

३ ऑगस्ट, रवि.
आज परत तेच. वैशूचा फ्रान्सहून व्हिडिओ कॉल. लीना समोर आली. चार वर्षांची नात, गाल थेट माझ्या आईचे. हात हलवून हलवून काहीतरी लांबलचक सांगत होती. मी आपला "हां हां" करत बसलो. आबाला, म्हणजे मला, ओ का ठो कळत नाही हे तिच्या ध्यानात आलं, गेली निघून. रिकामी खुर्ची दिसत राहिली.
वैशू म्हणाली, "अण्णा, शाळा फ्रेंच, बाप फ्रेंच. मराठी शिकवायला मला येळच मिळत न्हाई ओ."
म्हटलं, मग मीच शिकतो. मंगल हसली. हसू दे.

५ ऑगस्ट
मोबाईलवर एक बाई शिकवते. म्हणते, आधी रोजची क्रियापदं पाठ करा. एकेक शब्द घरातल्या एकेका खोलीत ठेवा, विसरणार नाही. आमच्या दोन खोल्या आणि पडवी. तीन शब्दांत घर भरलं.

७ ऑगस्ट
सुचलं! घर कशाला, गाडी आहे की. भोर–वेल्हे. सगळी कंडक्टरकी त्या रस्त्यावर गेली, डोळे मिटले तरी टप्पे दिसतात. एकेका थांब्यावर एकेक शब्द उतरवायचा आणि तिथल्या ओळखीच्या माणसाच्या हवाली करायचा.
भोर स्टँड: जाणे. त्याला हे लोक 'आले' म्हणतात. जाणाऱ्याला 'आले'! मंगल म्हणाली, "मंग आपली वैशू गेलीच न्हाई म्हणायची." हसता हसता उठून चुलीकडे गेली.

१२ ऑगस्ट
भोलावडे: देणे, 'दोने'. तिथल्या पाटीवाल्या मावशी कायम दोन तिकिटं मागायच्या, त्यांनाच दिलं. कापूरहोळ: खाणे, 'मांझे'. भेळवाला. चेलाडी फाटा: झोपणे, 'दॉर्मीर'. हायवे लागला की घोरणारे आणि थांबा गेल्यावर माझ्याशीच भांडणारे एक मास्तर. नसरापूर: सांगणे, 'दीर'. तिथे मं.चा सख्खा दीर, म्हणजे माझा धाकटा भाऊ बसवला. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मं. पोट धरून हसली.

१७ ऑगस्ट, रवि.
फजिती. लीना बिस्किट खाऊन दाखवत होती. मला 'खाणे' पाहिजे होतं. पण माझी गाडी सुटते भोरहून. भोर, भोलावडे... कापूरहोळ येईस्तोवर पोरगी खुर्चीवरून उतरून पसार. मधेच चढायची सोयच ठेवली नाही मी.
वैशू: "अण्णा, मोबाईल हँग झाला का?"
मोबाईल नाही गं, कंडक्टर.
तरी रिकाम्या खुर्चीला मोठ्यानं "मांझे!" म्हणालो. लांबून लीनाचं हसू ऐकू आलं. आठवडा निघेल तेवढ्यावर.

२४ ऑगस्ट
मार्गासनी: राहणे, 'रेस्ते'. इथे गुंजवण्याचे तात्या. धरणात जमीन गेली, पोरं दुसरीकडे मिळालेल्या जमिनीवर गेली, हे मागे राहिले. गाडीत चढले की न विचारता सांगायचे, "म्या न्हाई जायाचा. माजं हितंच हाय." आता नाहीत ते. शब्द मात्र घट्ट बसला.
विंझर: वाट पाहणे, 'आताँद्र'. कुणाला उभं करू म्हणून डोळे मिटले तर मंगलच दिसली, डोईवर पदर घेऊन रस्त्याकडे बघत असलेली. दुसरं कुणी येईचना. असू दे.
वेल्हे: येणे, 'वनीर'. मुद्दाम शेवटी ठेवला. दिवाळीला येतायत तिघं.

३१ ऑगस्ट, रवि.
गौरी आल्या. जावयासाठी कमोडही बसला. आमचं सगळं वरवे गाव बघून गेलं, गौरींपेक्षा कमोडलाच गर्दी. मं.ने गादी पिंजून घेतली, लीनासाठी छोटी वेगळी शिवली. रोज उन्हात घालते.
आज लीनाला "दॉर्मीर?" विचारलं. तिने डोळे मिटून खोटं खोटं घोरून दाखवलं! मला काय झालं सांगता येत नाही. उठून अंगणात गेलो.

१४ सप्टें., रवि.
वैशू बोलता बोलता मागे वळून तोमाशी, जावयाशी, फ्रेंचमध्ये बोलली. असं सुरू झालं की मी दुसरीकडे बघतो, परक्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटतं. आज मात्र भोरहून न सुटताच शब्द समोर आले. राहणे. मग सांगणे. तोमाने मान हलवली. वैशू आमच्याकडे वळली आणि हसली. ते हसू मला ठाऊक आहे. बारावीला मार्क कमी पडल्याचं सांगायच्या आधी असंच हसली होती.
मं. विचारत होती, "जावयाला पुरणपोळी चालंल का गुळाची?"
मला कळून चुकलं, दिवाळीला येत नाहीत ते. तिकडेच राहणार, आणि आम्हाला कसं सांगायचं ते ठरत होतं.
मला आठच क्रियापदं येतात, माझंच चुकलं असेल. चुकलेलं असू दे, देवा.

१८ सप्टें.
मं.ला बोललो नाही. गादी आजपण उन्हात.
वैशू शाळेत असताना सुट्टीत माझ्याबरोबर गाडीत यायची. घंटीची दोरी तिच्या हातात. डबल बेल द्यायला एवढी आतुर, की माणसं चढायच्या आत ओढायची.
नातीचं निमित्त. मला माझी वैशू पाहिजे. समोर बसून जेवणारी, ताटात मीठ कमी म्हणून कुरकुरणारी. ज्या भाषेत ती दिवसभर वावरते तिथे माहेरचं कुणी नाही, हे मला सोसत नव्हतं. म्हणून शिकत होतो.

२१ सप्टें., रवि.
वैशू नुसतं हवापाण्याचं बोलत राहिली. मं. शेजारीच. शेवटी मीच धीर केला. "वैशू, त्यू रेस्त?" तू राहणार?
ती पडद्याजवळ आली. "अण्णा, तुमाला..." मग एकदम फ्रेंचमध्ये, हळू, सुटं सुटं: "वी. ऑं रेस्त." हो, राहतोय. डोळे भरलेले. मग बोलतच सुटली. नोकरी, लीना, का आणखी काही, कारण समजलं नाही. पण बापाला सगळं सांगत होती एवढं समजलं. किती वर्षांत इतकं बोलली नव्हती माझ्याशी. मी "वी, वी" करत राहिलो.
दिवाळीचं येणं बुडालं, आणि तरी मला बरं वाटत होतं. मं.च्या शेजारी बसून, तिला काही न कळू देता. लाज वाटते लिहायला.
फोन ठेवल्यावर मं.: "बापलेकीचं एवडं काय चाललं व्हतं? रडली का ती?"
"अभ्यास घेत होती माझा."

२३ सप्टें.
आज सांगायचंच म्हणून शेतावर गेलो. मं. खाचराच्या बांधावर गवत कापत होती. तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "अवो, मलाबी एक शब्द शिकवा. लीनी गाडीतनं उतरली की म्हणायला. 'ये'ला काय म्हणत्यात?"
"व्याँ."
"व्याँ." आपल्याच आवाजाला हसली. विळा खाली ठेवला, हात पदराला पुसले, पुढे पसरले आणि रिकाम्या बांधाकडे बघून म्हणाली, "व्याँ, बाळा. व्याँ."
मग माझ्याकडे वळली. "बराबर म्हणले का?"
म्हटलं, थोडं नाकातून म्हण.