फौजदाराने धरलेला दात

३ मार्च
फौजदाराने आज हात फोडला. गळ्यातला पट्टा काढताना त्याच्या डाव्या गालाला बोट लागलं, तेवढ्यावर मनगटात सुळे. बेसिन लाल. हे गेल्यापासून कुत्रा माझ्यावर दात धरून आहे. ह्यांना मीच कुठेतरी लपवलंय असं त्याला वाटतं.

५ मार्च
लायब्ररीतून कुत्र्यांवरचं पुस्तक आणलं. स्वभावाचं प्रकरण दोनदा वाचलं. आजारांचं सोडलं, आजारी कोण आहे? निश्चय: घरात मालक कोण ते दाखवायचं. बिस्किट दिलं. उजवीकडून चावलं, अर्धं टाकलं, वाटी भिंतीवर उडवली. मी झाडू उगारला. त्याने झाडू मोडला. बरोबरी.

६ मार्च
तोंडाला गटाराचा वास. मला छळायला मुद्दाम घाण खात असणार. ह्यांची चप्पल चावली. तिच्यावर रक्त. माझं नव्हतं, सगळ्या जखमा तपासल्या. त्याच चपलेने हाणला. मग चप्पल धुऊन जागेवर ठेवली.

९ मार्च
त्याच्याबद्दल माझं चुकलं. डाव्या डोळ्यातून सारखं पाणी येतं, खालचा गाल रडून सुजलाय. ह्यांच्यासाठी रडतो. फक्त डावीकडून, पण दीर तर एकाही डोळ्याने रडला नाही. शेजारी बसून मीही रडून घेतलं. बरं वाटलं. जवळ घ्यायला गेले. माझा ओठ फाटला. टाके.

११ मार्च
दीर आला. फौजदाराने त्याची पँट उभी फाडली. दिराने खुर्ची फेकली. कुत्रा वाचला, खिडकी गेली. म्हणाला, वहिनी, येत्या रविवारी इंजेक्शन देऊन कायमचा मोकळा करू याला. मी म्हटलं, भावजी, ह्यांच्यासाठी रडणारं घरात एवढंच आहे, हात तर लावून बघा. हातात सुरी होती. दीर मागे सरकत गेला. कांदा चिरत होते ते सांगितलं नाही.

१४ मार्च
रविवारच्या आत डॉक्टरीणबाईंकडे नेला. दुःखावरचं औषध मागितलं. तिथल्या दोघा मदतनिसांनी दाबून धरला, एकाचं बोट चावलं, मग भूल दिली. मी म्हटलं, माझ्यावर दात धरून आहे हो. त्यांनी त्याचा ओठ वर केला. म्हणाल्या, मावशी, दातच आहे. दाढ सडलीय, मुळाशी पू झालाय, डोळ्याचं पाणीही त्याचंच. एका बाजूने खातो का? घास टाकतो? वास? लाळेत रक्त? सगळ्याला हो म्हटलं. कधीपासून, विचारलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. दाढ निघताना लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला.

१७ मार्च
वाटी चाटून लख्ख. पट्टा काढू दिला, वर शेपटी हलवली. चपलेकडे ढुंकूनही बघितलं नाही. डोळा कोरडा ठणठणीत. माझ्याविषयी त्याच्या मनात काहीच नव्हतं. ह्यांच्याविषयीही नसावं.

ब्रश आणलाय. उद्यापासून रोज त्याचे दात घासायचे.

आज एकटीच रडायला बसले. तो येऊन पायावर डोकं टाकून घोरायला लागला. पायाला मुंग्या आल्या, रडणं अर्ध्यात राहिलं.