कमरेइतकं पाणी

मंगळवार, ता. ३ मार्च

चि. भिंगरी हीस आजीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

सगळ्यांत आधी आला तो खोदणारा. मी अजून चहाचं आधणसुद्धा ठेवलं नव्हतं, तर हा मागच्या दाराशी उभा, बुटांना कुठल्या तरी दुसऱ्याच्या परसातली माती. त्याच्यामागून मिस्त्री. दारातून येताना तो इतका वाकला की मला वाटलं, काय नम्र माणूस आहे! मग कळलं, डोकं वाचवतोय. ताडमाड आहे मेला. तिसरी आली ती भिंतीपलीकडची शेजारीण. साखरेला म्हणून वाटी आणली होती, पण जाताना वाटी रिकामीच घेऊन गेली. डोळे भरून घ्यायचे होते, ते घेतले.

तर बातमी अशी की तुझा बाप परसात पोहायचा हौद बांधतोय. हौद म्हटलं की त्याला राग येतो. आई, पूल म्हण, असं त्याने मला मिस्त्रीच्या देखत सांगितलं. मी म्हटलं, अरे, पुलावरून माणसं पाणी ओलांडतात, तू तर पाण्यात उडी मारणार, मग हा पूल कसला? मिस्त्री हसला. तुझा बाप कपड्यांची दोरी कुठे हलवायची ते बघत होता. दोरी खुशाल हलव, पण लिंबाच्या झाडाला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे, एवढं बजावून ठेवलंय. नकाशा तू काढणार म्हणे. लोकांच्या इमारतींचे काढतेस, आता घरच्या खड्ड्याचाही काढ.

आता खरी गोष्ट सांगते, कान इकडे कर. गुडघ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलंय की रोज अर्धा तास कमरेइतक्या पाण्यात चाललात तर गुडघे मोकळे होतील. वर म्हणाल्या, पण असं पाणी तुम्हाला कुठे मिळणार, जाऊ द्या. मी गप्प घरी आले, आणि पंधरा दिवसांत पाणीच घरी यायला निघालं! पण तुझा बाप म्हणतो सगळीकडे गळ्याइतकं खोल हवं, आणि उतरायला एक उभी लोखंडी शिडी. त्या शिडीने मी खाली जायची नाही बाई, थेट वरच जाईन.

मग त्याला सांग ना, असं तू म्हणशील. कुठल्या तोंडाने सांगू? हा लहान असताना नुसता पाण्याकडे बघायचा, तर मी दंड धरून ओढून आणायची. बाकीची पोरं पोहायला पळायची आणि हा माझ्याजवळ शेंगा सोलत बसायचा. माझ्या आईने मला भीती घातली, मी ती तशीच त्याला दिली, जुनं भांडं द्यावं तशी. बेचाळिसाव्या वर्षी तो पोहायला शिकला, तेही मला बाहेरून कळलं. आता मी म्हणू का, की बाळा, मलाही यायचंय? हसला तर चालेल. चिडला तरी चालेल. पण तो गप्प बसतो ना, ते मला सोसत नाही.

म्हणून तूच एका बाजूला रुंद पायऱ्या काढ, धरायला दांडा काढ, आणि तेवढ्या भागात कमरेइतकं पाणी ठेव. त्याने विचारलं तर सांग, असंच करतात. माझं नाव नको. फोनची सोय नाही. तुझी आई मावशीच्या ऑपरेशनसाठी महिनाभर तिकडे, घरात आम्ही दोघंच, आणि मी फोनवर बोलले की शेजारणीलासुद्धा वेगळं सांगावं लागत नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी आजी

रविवार, ता. ८ मार्च

ती. आजीस भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं, ती चूक झाली. इतकी हसले की साहेबांनी मान वर करून बघितलं. त्यांना सांगितलं, खासगी कामाचा कागद आहे, ग्राहक जरा अवघड आहे.

आजी, तुझं काम घेतलं. बाबांचा फोन आला होता. चार ओळींत सगळं सांगून मोकळे झाले: लांबी एवढी, रुंदी एवढी, खोली पाच फूट, शिडी एक. मी म्हटलं, एक बाजू उथळ ठेवायचीच असते, पाहुण्यांची मुलंबाळं येतात, पंप साफ करणारा उतरतो. ते हूं म्हणाले. बाबांचं हूं म्हणजे निम्मा होकार, हे तूच मला शिकवलंस.

पण कमरेइतकं म्हणजे किती? नकाशावर कंबर काढता येत नाही, आकडा लागतो. तुझ्या मिस्त्रीची कंबर धरली तर तू त्यात बुडशील. तेव्हा कोणाकडून तरी तुझ्या कमरेचं माप नीट घे आणि इंचांत कळव. अंदाजाने सांगू नकोस. तुझा अंदाज मला ठाऊक आहे. बाजार दोन पावलांवर आहे म्हणून मला लहानपणी किती चालवलंस ते अजून पोटऱ्यांना आठवतं.

दांडा स्टीलचा घेऊ की लाकडाची मूठ असलेला? सकाळी स्टील गार लागेल.

माया आहे तशीच राहू दे, वाढवलीस तर नाही म्हणणार नाही.

तुझी भिंगरी

शुक्रवार, ता. १३ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद वि. वि.

दांडा लाकडाच्या मुठीचा. गार लोखंड मला हॉस्पिटलच्या पलंगाची आठवण करून देतं.

मापाचं काम फत्ते झालं, पण त्यापायी काय काय सोंगं करावी लागली म्हणून सांगू! घरातली टेप तुझ्या बापाच्या खिशात. ती मागितली असती तर कशाला हवी म्हणाला असता. मी चौथीपर्यंत शिकलेली, खोटं बोलायलाही थोडं शिक्षण लागतं. मग कोपऱ्यावरच्या शिवणवालीकडे गेले. तिच्याकडे दोन बायका आधीच बसलेल्या, एक मुलीच्या फ्रॉकसाठी, दुसरी नुसतीच. त्या जाईपर्यंत मी बटणांचा डबा उपसत बसले. किती सुंदर बटणं असतात गं, आणि आपण तीच पांढरी लावत बसतो. त्या गेल्यावर तिला हळूच सांगितलं, माझ्या कमरेचं माप घे, अगदी बिनचूक, नातीला कळवायचंय.

तिने टेप गुंडाळली, ओढली, पुन्हा सैल केली. म्हणाली, आजी, पोट आत ओढू नका, मोकळा श्वास घ्या. मी म्हटलं, पाण्यात काय कोणी पोट ओढून चालतं? तिला काही कळलं नाही, पण माप चोख निघालं. चाळीस इंच. तिने कागदावर लिहून दिलंय, तो कागद सोबत ठेवलाय, म्हणजे अंदाज म्हणायला नको.

चाळीस आकडा मला बरा वाटला. गोल, भरलेला. तुझ्या बापाला मात्र यातलं काही कळता कामा नये. कालच त्याने मिस्त्रीला सांगितलं की हौदाभोवती उंच कुंपण हवं आणि कुलूप हवं. कोणासाठी, ते बोलला नाही. पण घरात तिसरं आहे कोण?

तब्येत सांभाळ, डबा नेत जा, आणि माझ्यावरचा जीव असाच ठेव.

तुझी आजी

बुधवार, ता. १८ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

चाळीस इंच? आजी, गेल्या वेळी तू माझ्या खांद्याखाली सहज मावत होतीस. गुडघे दुखता दुखता उंच झालीस की काय? पण शिवणवालीने लिहून दिलंय म्हटल्यावर मी बापडी काय बोलणार. तिची टेप आणि तिचा दाखला, दोन्ही पक्के. लिहिलं चाळीस.

नकाशा आजच बाबांच्या नावाने पाठवला. लिंबाचं झाड वाचवायला हौद डावीकडे एक हात सरकवलाय. पायऱ्या सहा, रुंद, कडेला तुझा दांडा. पायऱ्यांपासून चार पावलं सपाट भाग, तिथे तू फिरायचं. त्यापुढे उतार आणि मग बाबांची खोली. मध्ये निळ्या फरश्यांची एक ओळ आहे. ती ओलांडायची नाही, सांगून ठेवते. पण सांगते ते ऐकण्यातली तू नाहीस, म्हणून तिथेही दांडा काढलाय.

तुझं नाव कुठेही नाही, निश्चिंत रहा. या कामाची फी म्हणून उन्हाळ्यात पंधरा दिवस माझे लाड हवेत.

तुझी भिंगरी

मंगळवार, ता. २४ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद वि. वि.

माझ्या नावाने पाठवलेला नकाशा मिळाला. काम नेटकं आहे. झाड वाचवलंस हे बरं केलंस.

रविवारी मिस्त्रीसमोर तो उघडला. उथळ भागावर तू पेन्सिलने बारीक अक्षरांत लिहिलं आहेस, ४० इंच, आजीची कंबर. खोडायचं राहिलं असावं. मिस्त्रीने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं की हे कुठल्या नव्या प्रकारच्या फरशीचं नाव आहे का.

मी फोन न करता लिहितो आहे, कारण फोनवर मला नीट बोलता येत नाही. लहानपणी मी उशिरा घरी आलो की आई माझ्या मानेवरचे केस चाचपून बघायची, ओले आहेत का म्हणून. त्याचा राग मला खूप वर्षं होता. आता नाही. मी कुंपण आणि कुलूप सांगितलं ते तिला भीती वाटू नये म्हणून. दाराशी हौद आहे या विचाराने तिला झोप लागणार नाही, असं मी धरून चाललो होतो. तिलाच त्यात उतरायचं असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आणि तिला ते मला सांगायला तुझ्याकडून नकाशा काढून घ्यावा लागला, हे मनाला लागलं.

दोन दिवस झाले, मी तिच्याशी याबद्दल बोललो नाही. जेवताना ती माझ्याकडे बघते आणि मी ताटाकडे. सुरुवात कशी करावी ते सुचत नाही. तुझी आई इथे असती तर तिने केली असती. तुला काही सुचलं तर कळव.

तब्येतीची काळजी घे. घरच्यांची आठवण ठेव.

बाबा

शनिवार, ता. २८ मार्च

चि. भिंगरीस अनेक अनेक आशीर्वाद वि. वि.

अगं लबाडे, पेन्सिल खोडायला काय झालं होतं? इमारती बांधतेस आणि एक रबर जवळ नाही?

मिस्त्रीने ते मोठ्याने वाचलं ते मला आत स्वयंपाकघरात ऐकू आलं, आणि पुढचे चार दिवस माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. तुझा बाप गप्प. मी विचारलं भाजी कशी झालीय, तर बरी. मी विचारलं खड्डा किती झाला, तर होतोय. मला वाटलं, संपलं. म्हातारीला आता पाणी सुचतंय म्हणून मनातून उतरले मी त्याच्या. परवा तर ठरवलं होतं की सांगून टाकावं, नको मला पायऱ्या, भरून टाक तो भाग. भाषण तयार केलं, दोनदा भांड्यांना म्हणूनही दाखवलं.

तर काल सकाळी तुझा बाप ऑफिसला जायच्या कपड्यांत स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, आई, चप्पल घाल, खड्ड्यात उतरायचंय. भाषण राहिलं घशातच.

परसात मिस्त्री होता, खोदणारा होता, आणि भिंतीवरून शेजारीण होतीच. उथळ बाजूला त्यांनी माती कापून कच्च्या पायऱ्या केल्या होत्या. एका बाजूने तुझ्या बापाने धरलं, दुसरीकडून मिस्त्रीने. मिस्त्री इतका उंच की त्याच्या बाजूने मी लोंबकळतच उतरले. खाली काँक्रीट आणि फरशी यायची आहे, तेवढ्या जाडीच्या विटा त्यांनी रचल्या होत्या. त्यांवर मला उभं केलं. मग खोदणाऱ्याने इकडच्या खुंटीपासून तिकडच्या खुंटीपर्यंत दोरी ताणली. मिस्त्री म्हणाला, ही पाण्याची पातळी, विटांपासून मोजून चाळीस इंच.

दोरी माझ्या छातीवर! श्वास घेतला की दोरी हलायची.

मिस्त्री नकाशाकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. तुझा बाप म्हणाला, आई, हे माप कोणी घेतलं? मी अगदी ठसक्यात सांगितलं, शिवणवालीने, तिची टेप बिनचूक असते. कसं घेतलं, म्हणाला. म्हटलं, कसं म्हणजे, कमरेचं घेतात तसं. आणि हाताने दाखवलं, कमरेभोवती, गोल.

भिंगरी, तुझा बाप हसला. आधी नाकातून, मग तोंडातून, मग विटांच्या कडेवर बसून. ऑफिसच्या पँटीला माती लागली तरी हसतोय. खोदणारा फावड्यावर रेलून हसला, आणि शेजारीण भिंतीपलीकडे कशावर चढली होती देव जाणे, तिथून खाली घसरली. मला आधी कळेना, मग कळलं, आणि मग मलाही आवरेना. चाळीस इंच माझी जाडी निघाली गं, उंची नव्हेच! तरी म्हटलं आकडा भरलेला का वाटतोय.

हसून झाल्यावर तुझ्या बापाने खिशातली टेप काढली. गुडघे टेकले आणि स्वतः माझ्या टाचेपासून कमरेपर्यंत मोजलं. तेहेतीस. मिस्त्रीला म्हणाला, लिहा. मग मिस्त्री दोरी खाली घ्यायला गेला, तेवढ्यात मी बोलले. काय बोलले ते धड आठवत नाही. म्हटलं, तुला मी पाण्याजवळ जाऊ दिलं नाही, ते चुकलं माझं. मला स्वतःला भीती वाटायची, तीच तुला वाटून दिली. तो वर बघेना. टेप गुंडाळत राहिला. मग हळूच म्हणाला की तो शिकायला जायचा तेव्हा वर्गात सगळी सात-सात वर्षांची पोरं. पोटाखाली फळी धरून तो त्यांच्यात पाय मारायचा. त्यांनी त्याचं नाव बेडूककाका ठेवलं होतं. ओला टॉवेल तो ऑफिसच्या कपाटात वाळवायचा, मला कळलं तर मी रडेन म्हणून.

म्हणजे बघ, इतकी वर्षं आम्ही दोघं मायलेक एका घरात राहून एकमेकांपासून पाणीच लपवत होतो.

कुंपण राहणार आहे, पाहुण्यांची पोरं येतात म्हणून. किल्ली मात्र माझ्याकडे. आणि तो म्हणाला, पहिले आठ दिवस तो माझ्यापुढे उलटा चालेल, मी त्याचे हात धरून यायचं. मी विचारलं, बेडूक उलटे चालतात का रे? तर म्हणाला, आईला म्हणून चालतील.

आता तो हौद म्हणतो आणि मी पूल म्हणते, दोघांचीही चूक होते.

तू उन्हाळ्यात ये. लाड करेनच, पण रबर घेऊन ये. आजीवरचा जीव कमी करू नकोस, तो कोणालाही मोजायला देऊ नकोस.

तुझी आजी

ता. क. पायऱ्या किती उंच ठेवायच्या ते आकड्यावर ठरवायचं नाही, माझा पाय जेवढा सुखाने उचलेल तेवढी एक पायरी, असं तुझ्या बापाने मिस्त्रीला बजावलंय, आणि ते माप घ्यायच्या दिवशी त्याने स्वतः सुट्टी टाकलीय. मिस्त्री आणि खोदणारा विटा घेऊन परत येतो म्हणालेत, गुरुवारी, सकाळी सातला.