वन्समोअर माझा होता

दादा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला शालूत पाहिलेला माणूस आता परभणीत शोधूनही सापडायचा नाही. तरी माझा राग गेलेला नाही. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. तुमच्या जिवंतपणी मला तो धरता आला असता तर आज धरावा लागला नसता.

तुम्ही आपल्या नाटक कंपनीचे मालक, आणि नायिकाही तुम्हीच. तुमच्यासारखा पदर घ्यायला गावोगावच्या बायका शिकल्या होत्या. एका जहागीरदारांनी खूश होऊन तुम्हाला ग्रामोफोन दिला आणि सोबत इटलीतल्या कुणा गाणाऱ्या बाईच्या तबकड्या. पिंगळी स्टेशनात पडदे-पेट्या उतरवून आपण गाडीची वाट बघत बसलो की तुम्ही त्या लावायचात. स्टेशनमास्तरांना इंग्रजी यायचं. ते तबकड्यांबरोबरचं चोपडं वाचून सांगायचे, की ही बाई देशोदेशीच्या थेटरांत गाते, एका नाटकात क्षयाने मरते, एकात बुरुजावरून उडी टाकते, आणि मरता मरताच सगळ्यात मोठं पद म्हणते. तुमचे डोळे भरून यायचे. शेजारी मी, तुमची लेक, बसलेली असायची, गळा घेऊन. माझ्याकडे तुम्ही बघायचासुद्धा नाहीत. ती परक्याची लेक होती ना, तिने खुशाल हजार लोकांपुढे मरावं.

मग तुमचा आवाज बसला. काढे झाले, नवस झाले. मी म्हटलं, मी उभी राहते. त्यावर तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "घरची पोरगी तोंडाला रंग लावत न्हाई. तुला गायचंच हाय ना, मग विंगंत बसून गा. लोकायला गळा पायजे, तोंड कुनाचं का असंना."

विंगेत मी गायले. पेटीवाले काका माझ्या गळ्याची उंच पट्टी धरायचे, तुम्ही त्यांना खालच्या पट्टीत उतरायला लावायचात, कारण माझा गळा तुमच्या जुन्या गळ्यासारखा वाटायला हवा होता. मी आवाज दाबायची, तुम्ही ओठ हलवायचात. टाळ्या तुम्हाला, पदकं तुम्हाला, वन्समोअर तुम्हाला. मला पडद्याची धूळ आणि खोकला.

आणि सोनपेठ. खेळाची इजाजत देणारे तहसीलदार पुढच्याच खुर्चीवर बसलेत. पद संपतं, वन्समोअर येतो. तुम्ही लाजून मान खाली घालता, हात जोडता, जणू घसा तुमचाच दुखायलाय. पेटी पुन्हा सुरू होते. तुमचे ओठ हलतात, आणि मी गप्प बसते. काका मुखडा पुन्हा वाजवतात, पुन्हा वाजवतात. शेवटी तुम्ही स्वतः गायला जाता आणि फाटक्या सुपासारखा आवाज निघतो. बायकांच्या बाजूने एक म्हातारी विचारते, "बाईला पडसं झालं का गं?" सगळा मांडव हसतो. तहसीलदारही हसतात. दादा, ते हसू मला तुमच्या सगळ्या पदकांपेक्षा गोड लागलं, आणि अजून लागतं.

विंगेत येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "पोटच्या पोरीनं दगा दिला."

मी म्हटलं, "दगा न्हाई दादा. मी नुसती गप बसले."

त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, तसेच गेलात. सुतक फिटलं आणि मी तुमचाच शालू नेसून उभी राहिले. ताडकळस, मानवत, परभणी, पुढे किती गावं. तुमची एकूण एक पदं गायले, आणि प्रत्येक ठिकाणी सांगितलं की ही पहिल्यापासून माझी आहेत, पुढे नुसता शालू उभा असायचा. तुमचं नाव मी पुसलं, अगदी घासून पुसलं.

हे पत्र मी चुलीतच घालणार आहे. पण एक गोष्ट तुमच्याखेरीज कुणाला सांगण्यासारखी नाही. काका म्हातारे झाले तरी दर खेळाला विचारायचे, बाई, आता तरी तुमची पट्टी धरू का? मी धरून पाहिली. पदं त्या पट्टीत बसेनात, गळा वर जाईना. दादा, मी जन्मभर तुमच्याच पट्टीत गायले.