शेळ्या किती, हे फुलाने का सांगितलं नाही

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

मु. वरची वस्ती, वेल्ह्याच्या डोंगरावर
वैशाख वद्य पंचमी, सन १९५५

रा. रा. व्याही रखमाजीबोवा, मुक्काम भोर, यांस रायबाचा मनापासून रामराम.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुमची प्रकृती कशी आहे हे विचारत नाही, कारण तुमचे चिरंजीव आनंदराव परवा येऊन गेले आणि त्यांनी ‘बाबा ठणठणीत आहेत’ असं न विचारता तीनदा सांगितलं. न विचारता कुणी एखादी गोष्ट तीनदा सांगितली की मला शंका येते. तरी गुडघ्याला करंजीचं तेल चोळत जावं. विहीणबाईंना नमस्कार. तुमची लेक कमळा आणि आमचा म्हादू मेंढरं घेऊन सासवडकडे उतरले आहेत, ज्येष्ठाच्या आत परततील. त्यांची फुला इथे आमच्याजवळ मजेत आहे. (हे मुद्दाम लिहितो. पोर सुकली, आजोळची आठवण काढते, असं कुणी तुमच्या कानावर घातलं असेल तर त्याचं नाव मला कळवावं. मला एकदोघांचा संशय आहेच.)

आता मुद्द्याचं. संक्रांतीला तुम्ही आमच्याकडे तिळगूळ घेऊन आलात तेव्हा जे ठरलं ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही म्हणालात, फुलाला पाच सरून सहावं लागलं, जूनमध्ये तिला भोरला आमच्याकडे ठेवू आणि शाळेत घालू. मी म्हणालो, पुढल्या वर्षी लोकल बोर्डाची शाळा इथेच वस्तीवर होते आहे, एका वर्षाने काय बिघडतं? त्यावर तुम्ही म्हणालात, ठीक आहे, तोवर घरच्या घरी तिला मुळाक्षरं आणि विसापर्यंत मोजणी शिकवा, वैशाखात आमचा आनंदराव येऊन विचारील. आलं तर पोर तुमच्याकडे, नाही आलं तर आमच्याकडे. म्हादू आणि कमळा म्हणाले, तुम्ही दोघं व्याही ठरवाल ते खरं. मीही मान डोलावली. मग तुम्ही पिशवीतून अंकलिपी आणि नवी पाटी काढून पुढ्यात ठेवलीत, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. तिळगूळ द्यायला आलेल्या माणसाच्या पिशवीत अंकलिपी आधीपासून कशी? त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्या पिशवीचाच विचार करतो आहे.

तरी शब्द दिला म्हणून शिकवणी सुरू केली. मी स्वतः संस्थानच्या अमलात आंबवड्याच्या मावशीकडे राहून तिसरीपर्यंत शिकलेलो. पाटीवर पेन्सिल फार झिजते म्हणून फळीवर चुलीतली राख पसरून बोटाने धुळाक्षरं गिरवायला लावली. पहिल्याच आठवड्यात अंकलिपीचं एक पान गायब असल्याचं ध्यानात आलं, नेमकं प फ ब भ म या अक्षरांचं. मी लगेच ताडलं की पोर नापास व्हावी म्हणून तुम्ही पान फाडून पुस्तक दिलंत. तसं कडक पत्रही लिहून ठेवलं होतं. ते धाडणार तोच आमच्या कोंडाबाईच्या कमरेला ते पान सापडलं; तिने त्यात तपकीर बांधली होती. (ते पत्र मी चुलीत घातलं. त्यातले शब्द इथे लिहीत नाही, पण त्याबद्दल माफी असावी.) पान सरळ करून वाचायला घेतलं, पण तपकीर कागदात इतकी मुरलेली की ‘प’ म्हणता म्हणता आजोबा शिंकायचे आणि ‘भ’ला नात. अजूनही ‘म’ म्हणण्याआधी ती नाकावर हात ठेवते. आनंदरावांनी त्यावर ‘मुलीला सर्दी’ असा शेरा मारला आहे, तो तेवढा खोडून घ्यावा.

दुसरा शेरा ‘र ओळखता येत नाही’ असा आहे. त्याचाही खुलासा करतो. मी शेळ्यांमागे गेलो की कोंडाबाई फुलाजवळ बसायची. तिला स्वतःला वाचता येत नाही, पण माझं ऐकून ऐकून ती पोरीला म्हणायला लावायची. मी चित्रांवर विसंबलो नव्हतो (त्यात शहामृग म्हणून जे काढलंय ते कुणी पाहिलंय?), वस्तीवरच्या माणसांची नावं लावून दिली होती, क कोंडाबाईचा, च चिमाजीचा, र रायबाचा. आता नवऱ्याचं नाव कोंडाबाई कशी घेणार? ती तिथे आली की पदर सावरून ‘ह्यो ह्येंचा’ म्हणायची आणि पुढच्या अक्षराला जायची. आनंदरावांनी ‘र’वर बोट ठेवलं तेव्हा पोर लाजून ‘ह्यो ह्येंचा’ म्हणाली. आजीने शिकवलं ते तिने बरोबर सांगितलं. यात तिचा गुन्हा काय?

खरा घात झाला तो मोजणीत. इथे मला जरा सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण तुम्ही भोरात राहून आपल्या रीती विसरला असाल. आपण जनावर मोजत नाही. मोजलं की दृष्ट लागते, लागली की एखादं तरी जातं. संध्याकाळी जनावरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी उभं राहून नुसतं बघायचं. कोण आलं, कोण मागे राहिलं, हे तोंडावरून कळतं. म्हणून मी फुलाला चिंचोके आणि हिरड्याच्या बिया मोजायला दिल्या, आणि पोर महिन्याभरात विसाच्या पुढे गेली. पण तिला तीन वर्षांची असल्यापासून मी एक धडा आधीच दिलेला होता. जंगलखात्याचा गार्ड वर्षाकाठी दोनदा येतो, शेळीमागे पैसे लावायची चराईच्या पासाची वही उघडतो आणि मोठ्या माणसांना न विचारता लहान पोरांना गोड बोलून विचारतो, ‘बाळ, तुमच्या शेळ्या किती?’ त्याला काय उत्तर द्यायचं हे आमच्या वस्तीवरच्या प्रत्येक पोराला अक्षरांच्या आधी पाठ असतं.

आनंदराव आले ते नेमके खाकी सदरा घालून, कानाला पेन्सिल, बगलेत वही. (हा सदरा तुम्हीच घालायला सांगितलात काय, याचं खरं उत्तर द्यावं.) चहा पिऊन त्यांनी फुलाला समोर बसवलं, अंकलिपीतलं शेळ्यांचं चित्र उघडलं आणि गोड आवाजात म्हणाले, “फुलाबाई, ह्या शेळ्या किती हायेत?”

पोरीने चित्राकडे पाहिलं, मग वहीकडे, मग सदऱ्याकडे. म्हणाली, “म्हायती न्हाई.”

“आगं, मोज की.”

“कशापायी?”

“मला सांगाया.”

“तुमाला कुनी धाडलं?”

आनंदराव घाबरे झाले. म्हणाले, “आगं, मी मामा हाय तुजा! हितं बघ, किती शेळ्या?”

“त्या आमच्या न्हाईत,” फुला म्हणाली. “पावन्यांच्या हायेत. उद्या जानार.”

रखमाजीबोवा, त्या क्षणी मला गप्प बसायला हवं होतं. पण पोरीने एक शब्द इकडचा तिकडे न करता असं बिनतोड उत्तर दिलं की मला अभिमान आवरेना. मी मांडीवर थाप मारून हसलो. आनंदरावांना वाटलं, आजानातीने मिळून त्यांची थट्टा मांडली आहे. त्यांनी वहीत मोठं शून्य काढलं, ‘मोजणी अजिबात येत नाही’ असं लिहिलं, आणि जेवायला न थांबता नसरापूरच्या वाटेला लागले. कोंडाबाई भाकरी घेऊन बांधापर्यंत मागे गेली, तरी मागे वळून पाहिलं नाही. हे मामाला शोभतं का, ते तुम्हीच त्यांना विचारा.

ते दिसेनासे झाल्यावर फुला माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, “आजोबा, सात व्हत्या.” चित्राखाली सहा छापलेलं आहे. मी चष्मा लावून पाहिलं, झाडाच्या खोडामागून सातवीचं शेपूट डोकावतंय. आता ती शेळी छापणाऱ्याने चुकून काढली की गार्डाच्या भीतीने लपवली हे मला ठाऊक नाही, पण मास्तरकीचं ट्रेनिंग घेतलेल्या तुमच्या मुलाला ती दिसली नाही आणि माझ्या साडेपाच वर्षांच्या नातीला दिसली. तेव्हा ही परीक्षा रद्द समजावी. पुन्हा घ्यायची तर तुम्ही स्वतः यावं, पांढऱ्या सदऱ्यात यावं, आणि जनावरं सोडून जगातलं काहीही मोजायला सांगावं. ती मोजील. आणि मग ती आमच्याकडेच राहील, हा तुमचाच शब्द आहे.

लहानांना आशीर्वाद, थोरांना दंडवत, आणि आनंदरावांना काय सांगायचं ते राग उतरल्यावर कळवीन.

आपला,
रायबा

ता. क. पत्र बंद करणार होतो, पण एक गोष्ट मनाला खाते आहे. लोकल बोर्डाची शाळा वस्तीवर होणार असं मी संक्रांतीला म्हणालो, ते मला कुणी सांगितलेलं नाही. बोर्डाचा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. त्या वेळी तोंडाला आलं ते बोललो.

ता. क. दुसरा. काल फुलाची अंकलिपी संपली. शेवटचं पान उलटून तिने विचारलं, “आजोबा, फुडं काय?” मी म्हणालो, पुढं काही नाही, एवढंच असतं. तिने माझ्याकडे पाहिलं. गार्डाकडे बघते तसं पाहिलं, व्याहीबोवा. मग अंकलिपी मिटून आजीकडे निघून गेली. मला येत होतं ते सगळं मी तिला देऊन बसलो आहे, आणि माझ्याकडे आता तिला सांगायला खोटंच तेवढं उरलं आहे.

ता. क. शेवटचा. पोरीला जूनमध्ये घेऊन जा. मात्र कुठल्या दिवशी येणार ते मला कळवू नका. कळलं तर त्या दिवशी पहाटेच मी तिला घेऊन वरच्या रानात निघून जाईन आणि संध्याकाळपर्यंत खाली येणार नाही, इतका मी मला ओळखून आहे. तारीख कोंडाबाईच्या नावाने पत्र घालून कळवा. ती ते फुलाकडून वाचून घेईल. तेव्हा अक्षर मोठं काढा, आणि जोडाक्षरं तेवढी टाळा; ती तिची अजून व्हायची आहेत.